वीस चौरस मीटरचं छप्पर

अबांग मुहायार मला कळले होते असं मी म्हणणार नाही. आमच्या दोन घरांमध्ये एक अरुंद गल्ली आहे. ती ओलांडून बावीस वर्षं मी संध्याकाळचा त्यांच्याकडे जाऊन बसलो. एवढ्या वर्षांत माणूस कळायला हवा. पण त्यांच्या वडिलांचं नाव नासेरी होतं हे मला त्यांच्या कबरीवरच्या लाकडी पाटीवर वाचून समजलं. त्यांना पोहता येत नव्हतं, नदीकाठी गेले की पाय लटपटायचे, हेही त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं. जन्मभर विहिरी खणणारा माणूस पाण्याला भ्यायचा आणि मी शेजारी बसून त्याची कॉफी पीत होतो.

मी लिहिणारा माणूस नाही. कचेरीत तीस वर्षं लिहिलं ते आकडे, आणि आकड्यांखाली ‘पाहणी केली, योग्य आढळले’ एवढंच. हे लिहायला मला त्यांच्या बायकोने, एम्पोक रोगाया यांनी लावलं. इथे अबांग म्हणजे दादा आणि एम्पोक म्हणजे ताई. अबांगना जाऊन आता सहा वर्षं होतील.

“जोनो, तू कचेरीतला,” त्या म्हणाल्या. “नातू आता प्रश्न विचारायला लागलाय. आजोबा कसे होते, म्हणतो. मी सांगायला बसले तर मला नुसती भांडणं आठवतात. तू लिहून ठेव.”

“मला जमायचं नाही, एम्पोक.”

“ते दिसतंच आहे. तरी लिही.”

तर लिहितो.

जाकार्ताच्या दक्षिण टोकाला आमची केचापी वस्ती. इथली तांबडी माती पाणी पिणारी. म्हणून इथे कुणीही आपल्या जागेच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त जमिनीवर छप्पर घालायचं नाही, असा शहराचा नियम होता. बाकीचे चार हिस्से उघडे ठेवायचे. शिवाय छपरावर पडलेलं पावसाचं पाणी गटारात सोडायचं नाही. अंगणात ते जिरवायची विहीर खणायची आणि पन्हळीतून पाणी तिच्यात उतरवायचं. विहीर नसेल तर घराला परवाना नाही. छप्पर पाचव्या हिश्श्यात बसतं का आणि विहीर आहे का, हे बघून सही करायची हे माझं काम. इमारत परवान्याच्या कचेरीत मी मोजणीदार होतो.

अबांगची आणि माझी ओळख एका झाकणावरून झाली. मोठ्या रस्त्यालगत कुणाचा तरी नवा बंगला झाला होता. मी पाहणीला गेलो. मालक नव्हते, त्यांचा कारभारी होता. त्याने थंड सरबत दिलं, हिरवळीच्या कडेला सिमेंटचं गोल झाकण दाखवलं, हिरवा रंग दिलेलं. मी पेन काढलं. कोपऱ्यात एक पन्नाशीचा काटक माणूस उकिडवा बसून हिरवळीच्या कडा कापत होता. तो मान वर न करता म्हणाला,

“साहेब, झाकण उचलून बघा की.”

“जड असेल,” मी म्हटलं.

“जड नाही. मीच ठेवलंय.”

तो उठला, एका हाताने झाकण बाजूला केलं. खाली विहीर नव्हती. गवत होतं, ऊन न मिळाल्याने पिवळं पडलेलं.

“मला झाकणाचं काम सांगितलं होतं,” तो म्हणाला. “विहिरीचं कुणी बोललं नाही. म्हटलं, साहेब आले की बोलतील.”

कारभारी सरबताचा दुसरा पेला आणायला म्हणून जो आत गेला तो बाहेर आला नाही. मी कागद घडी करून खिशात ठेवला. त्या माणसाने झाकण परत नीट बसवलं आणि मला विचारलं, “आजपर्यंत किती झाकणं उचललीत, साहेब?”

मी पेनाला टोपण लावलं. एकही उचललं नव्हतं.

“बरं. यापुढे उचला,” तो म्हणाला आणि पुन्हा कडा कापायला बसला.

संध्याकाळी मी माझ्या भाड्याच्या खोलीकडे वळलो तर तोच माणूस गल्लीच्या पलीकडच्या ओसरीत बसलेला. दोन महिने मी तिथे राहत होतो आणि मान खाली घालून येत-जात होतो. त्याने हाताने बाकडं दाखवलं. मी गेलो. बंगल्याची विहीर मग त्यांनीच खणली. पुढे मी जिथे जिथे झाकणं उचलली आणि खाली गवत निघालं, तिथे बहुतेक वेळा तेच बोलावले गेले. मी कुणाला त्यांचं नाव सुचवलं नाही. आसपास विहीर खणणारा दुसरा उरलाच नव्हता.

त्यांच्या तरुणपणी इथे चार वावांवर पाणी लागायचं. घराघरात त्यांनी खणलेली विहीर होती. मग पंप आले, खोल नळ आले आणि विहिरी आटल्या. त्यांनी काही वर्षं विटा वाहिल्या. नंतर हा नियम आला आणि त्यांचं कुदळ-घमेलं पुन्हा बाहेर निघालं. एम्पोक रोगाया म्हणायच्या, “अर्धं आयुष्य पाणी वर काढण्यात गेलं, अर्धं परत खाली सोडण्यात. चांगला धंदा आहे. घरात मात्र एक नळ धड नाही.”

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. खाली उतरण्याआधी पानांची भरगच्च फांदी दोरीला बांधून विहिरीत सोडायची आणि खालीवर हलवायची, म्हणजे साचलेली हवा बाहेर पडते. सिमेंटची कडी बसवली, खडी आणि माडाचा काळा काथ्या भरला की शेवटी काठावर उभं राहून बादलीभर पाणी ओतायचं आणि कुराणातली सुरे फातिहा म्हणायला लागायचं. ती संपायच्या आत पाणी दिसेनासं झालं तर विहीर चांगली. मी एकदा म्हटलं, “कचेरीच्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही, अबांग.”

“पुस्तकात काय लिहिलंय?”

“ताशी अमुक इतके लिटर.”

“मग तू तास धरून उभा राहा. मी घरी जातो.”

ते बेतावी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मी मध्य जावेचा, पुर्वोरेजोकडचा. त्यावरून रोज काहीतरी चालायचं. कॉफी देताना म्हणायचे, “साखर कमी वाटली तर सांग. तुमच्याकडे भाजीतसुद्धा गूळ घालतात.” मी म्हणायचो, “आणि तुम्ही जेंगकोलच्या बिया खाता. दोन दिवस मोरीजवळ जाववत नाही, आम्ही बोलतो का काही?” आतून एम्पोक म्हणायच्या, “बोललास ना आत्ता.” माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाला एवढं बोलायला येतं हे मला त्या ओसरीवरच कळलं. कचेरीत मला सगळे मुका जोनो म्हणत.

त्यांना एकच मुलगी, नफ्सिया. मी आलो तेव्हा नववीत होती. तिचं लग्न चिकारांगच्या बाजूला कारखान्यात काम करणाऱ्या मुलाशी झालं. देदेन त्याचं नाव. मुलगा सालस. कारखान्यापासून जवळ म्हणून ती दोघं एका मोठ्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायला गेली. अबांग एकदाच तिथे जाऊन आले, चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि दुसऱ्या दिवशी परतले.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. घर छान आहे. लादी थंड आहे.” मग म्हणाले, “खिडकीतून खाली बघितलं, सगळं सिमेंट. पाऊस आला. बघत होतो पाणी कुठे जातंय. कुठेच जात नव्हतं, जोनो. नुसतं उभं होतं. मला झोप लागेना.”

नंतर नफ्सियाला मुलगा झाला, राफ्का. तो चार वर्षांचा असताना एक दिवस तिचा फोन आला. मी तिथेच बसलो होतो. देदेनला आमच्या बाजूच्या एका गोदामात काम मिळत होतं. पगार थोडा कमी, पण ती म्हणाली, “बाबा, आम्ही तिकडे येऊ का राहायला? राफ्काला इथे खेळायला जागा नाही. फक्त एक खोली लागेल. तुमच्या खोलीत पाचजण कसे मावणार?”

अबांगनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत राहिले. बेतावींकडे मुली लग्नानंतरही आईबापांच्या अंगणातच घर बांधतात, निदान पूर्वी बांधायच्या. कुंपणाच्या आत तीन-तीन चुली असायच्या. नफ्सिया लांब गेली याचं दुःख त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी चेहऱ्यावर दिसलं, तेही मी नीट पाहिलं नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे फार वेळ बघायची मला सवय नाही.

“खोली बांधायची,” ते म्हणाले. “परवाना घेऊन. तू मोजायला ये.”

“परवान्याशिवाय बांधणारे काय कमी आहेत?” एम्पोक म्हणाल्या. “एक खोली. मागच्या बाजूला. कोण बघतंय?”

“जोनो बघतोय.”

“जोनो आपलाच आहे.”

“म्हणून तर,” ते म्हणाले. “लोकांच्या अंगणातली झाकणं उचलायला लावतो मी त्याला. आणि माझ्या घरामागे त्याने मान फिरवून जायचं?”

माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं राहिली होती. रीतसर अर्ज आला आणि रीतसर माझ्याकडेच आला. एका सकाळी मी टेप आणि वही घेऊन, घरचे कपडे सोडून गणवेशात, गल्ली ओलांडून गेलो. एम्पोक हसल्या. म्हणाल्या, “साहेब आले. बसायला खुर्ची देऊ का?”

जमिनीच्या कागदावर पाचशेवीस चौरस मीटर होते. तो कागद काही वर्षांपूर्वी सरकारने वस्तीत सगळ्यांच्या जमिनी मोजून दिला, तेव्हाचा. पाचशेवीसचा पाचवा हिस्सा एकशेचार. आहे ते घर, स्वयंपाकघर आणि पुढची ओसरी मिळून मी छप्पर मोजलं, चौऱ्याऐंशी भरलं. म्हणजे वीस मोकळे होते. चार मीटर बाय पाच मीटरची खोली. नेमकी तेवढीच हवी होती. मी इतका खूश झालो की वहीत आकडा लिहायच्या आधीच मोठ्याने सांगितला.

“वीस बसतात, अबांग. अगदी बरोबर वीस.”

अबांग कुंपणाच्या टोकाला टेपचं दुसरं टोक धरून उभे होते. त्यांच्याभोवती केळीची दाट बेटं, कुंपणापलीकडे ओढा आणि ओढ्यापलीकडे वस्तीचं छोटं नमाजघर. ते तिथूनच म्हणाले,

“कुठपासून धरलंस?”

“तुम्ही उभे आहात तिथपासून. कुंपणापासून.”

“नाही. फणसापासून धर.”

फणस त्यांच्यापासून बराच आत, माझ्या बाजूला होता.

“फणसापासून का?”

“फणसापासून ओढ्यापर्यंतचं माझं नाही. ते नमाजघराला दिलंय.”

मी कागद उलटसुलट पाहिला. कागदावर तसं काही नव्हतं. सगळी जागा त्यांच्याच नावावर. मी तसं सांगितलं.

“कागदावर कसं असेल? तोंडाने दिलंय. नफ्सिया चार वर्षांची होती, ताप उतरत नव्हता. अठरा दिवस. मी नमाजघराच्या गुरुजींना बोलावलं, बापाला बोलावलं, फणसाला हात लावला आणि म्हटलं, इथून ओढ्यापर्यंतची जागा अल्लाची. ताप उतरला.”

“मग नमाजघर तिकडे का वाढवलं नाही?”

“ओढ्यावर पूल बांधायला वस्तीकडे पैसे नव्हते. मग गुरुजी गेले. बाप गेला. राहिलं.”

“आणि मोजणीवाले आले तेव्हा?”

“त्यांनी विचारलं, कुंपण कुठाय. मी कुंपण दाखवलं.”

इथे हे असंच चालत आलंय. झाडाला हात लावून, दोन म्हाताऱ्यांच्या साक्षीने जमीन देऊन टाकायची. कागद ही सरकारची गोष्ट आणि बोललेलं ही आपली. दोन्ही कधी एकमेकांसमोर येतील असं कुणाच्या मनातही येत नाही. अशा दिलेल्या जागा आमच्या वस्तीत आणखी असतील. देणारे गेले, ऐकणारे गेले, आणि आता त्यांवर घरं उभी आहेत.

एम्पोक स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. हातात पळी होती. “तीस वर्षं तिथली केळी मी खातेय,” त्या म्हणाल्या. “तेव्हा नाही आठवली अल्लाची जागा?”

“दरवर्षी एक घड नमाजघरात देतेस ना तू?”

“तो मी चांगुलपणाने देते.”

“बरं, चांगुलपणाने.”

“तोंड शिवून घ्यायचं की एक दिवस. एक सकाळ. पोरगी येतेय.”

त्यांनी टेपचं टोक सोडून दिलं. मी टेप गुंडाळायला घेतला. अर्ध्यात थांबलो. म्हटलं, “अबांग, मी ऐकलं नाही असं धरतो. कागदावर पाचशेवीस आहेत. मी पाचशेवीस लिहिलं तर ते खोटं नाही.”

“तू ऐकलंस ना पण?”

“ऐकलं.”

“मग?”

मी फणसापासून पुन्हा मोजलं. शंभर चौरस मीटर गेले. उरले चारशेवीस. त्याचा पाचवा हिस्सा चौऱ्याऐंशी, आणि चौऱ्याऐंशी छप्पर आधीच होतं. एक पत्रासुद्धा वाढवायला जागा नव्हती. मी वहीत ते लिहिलं, माझ्या अक्षरात, आणि खाली सही केली. आजही ती वही कुठेतरी असेल. अक्षर बिघडलं असतं तर बरं वाटलं असतं, पण चांगलं आलंय.

त्या दिवशी मी पाचशेवीस लिहायला हवं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता तो झिजून गेलाय. कुणाचं काही बिघडलं नसतं. त्या केळी आजही तिथेच आहेत. पण मी तसं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला त्यांच्यासमोर बसता आलं नसतं. म्हणजे मी त्यांच्यासाठी खरं लिहिलं की माझ्या बसण्यासाठी, हे मला नक्की सांगता येत नाही.

चार दिवस तो विषय निघाला नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी कॉफी पिताना त्यांनी बसल्या जागेवरून वर पाहिलं, ओसरीच्या छपराकडे.

“ही ओसरी किती भरली होती रे?”

“आठ बाय अडीच.”

“म्हणजे?”

मला उत्तर माहीत होतं. माझं काहीच नव्हतं त्या ओसरीत, तरी ते सांगावंसं वाटेना. “वीस,” मी म्हटलं.

ते हसले. “मग झालं.”

“ओसरी पाडून खोली?” एम्पोक आतून म्हणाल्या. “पाहुणे कुठे बसवायचे?”

“पाहुणा कोण येतो? हा येतो.”

“मग याला कुठे बसवायचं?”

“हा जावेचा. याला कुठेही चालतं.”

बेतावी घराला ओसरी नसणं म्हणजे माणसाला तोंड नसण्यासारखं. लाकडी कठडा, वर झालर कापलेली फळी, ती त्यांच्या आजोबांच्या हातची होती. लोकांनी नावं ठेवली. कुणी म्हणालं, कचेरीतल्या त्या मुक्या शेजाऱ्यानेच अडवलं असणार. ते माझ्या कानावर आलं, अबांगच्याही आलं असेल. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. नियमाबद्दलही कधी वाकडं बोलले नाहीत. एकदा मी चिडून म्हटलं की हे पाचव्या हिश्श्याचं खूळ कुणी काढलं, तर ते म्हणाले, “त्या खुळाने मला वीस वर्षं जेवू घातलं. आता माझ्या दाराशी आलं तर ते वाईट झालं होय?”

सगळं लगेच झालं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. ओसरी पाडून खोली बांधायचा अर्ज वेगळा होता. त्याला आमच्याच कचेरीत पाच महिने लागले. मी रोज त्या फायलीबद्दल विचारायला जायचं ठरवायचो आणि आठवड्यातून एकदा जायचो. मग पावसाळा लागला. अबांग सदुसष्ट वर्षांचे. मजूर एकच ठेवला, बाकी स्वतः. ओसरीची लाकडं एकेक करून सोडवली, खिळे सरळ करून डब्यात ठेवले, त्याच लाकडाची खोलीची चौकट आणि खिडकी केली. भिंती उभ्या राहायच्या आधी नव्या छपरासाठी विहीर खणली. मी म्हटलं, “आधी खोली तरी होऊ द्या. मुलगी वाट बघतेय.”

“आधी विहीर. मग छप्पर.”

“दोन महिने जातील त्यात.”

“दीड.”

अडीच गेले. त्यांचे गुडघे धरायचे. काही दिवस ते विहिरीत उतरायचे आणि वर यायला त्यांना अर्धा तास लागायचा. मी काठावर दोरी धरून उभा. आत काही दिसायचं नाही, फक्त कुदळीचा आवाज आणि मधून मधून, “आहेस ना?” मी म्हणायचो, “आहे.” कचेरीच्या वेळेनंतर रोज तेच. विहीर झाली तेव्हा त्यांनी बादली ओतली, पुटपुटले आणि निम्म्यातच थांबून माझ्याकडे पाहिलं. पाणी गेलं होतं. इतकी चांगली विहीर त्यांनी दुसरी खणली नसेल. त्यांच्या चेहऱ्याकडे मी तेवढ्या वेळी नीट पाहिलं.

खोली पुरी व्हायला पहिल्या फोनपासून जवळजवळ दोन वर्षं लागली. पिवळा रंग, पूर्वेला खिडकी. त्यांनी नफ्सियाला फोन केला. मी अंगणात, उघड्यावर मांडलेल्या बाकड्यावर होतो. त्यांचं बोलणं फार झालं नाही. “हो... हो... बरोबर आहे... नाही नाही, बरोबर आहे.” फोन ठेवून ते बाहेर आले.

“राफ्काचं नाव तिकडच्या शाळेत घातलंय,” ते म्हणाले. “शाळा चांगली आहे. आणि गोदामातली ती जागा कधीच भरली.”

एम्पोक म्हणाल्या, “मग?”

“मग काय. सुट्टीत येतील. पुढे बघू म्हणाली.”

ते दोघंही माझ्याकडे बघत नव्हते, आणि तेच मला जड गेलं.

ईदला ती तिघं आली, दोन रात्री राहिली. राफ्का खोलीतून अंगणात आणि अंगणातून खोलीत पळत होता आणि अबांग नुसते दारात उभे राहून त्याला वाट द्यायचे. नफ्सियाने खिडकीला पडदा लावला. जाताना बाबांना म्हणाली, “खोली फार छान झालीय, बाबा. उगाच त्रास घेतलात.” तिने ते प्रेमाने म्हटलं. अबांग म्हणाले, “त्रास कसला.” त्यानंतर ते रोज सकाळी त्या खोलीची खिडकी उघडायचे आणि संध्याकाळी लावायचे. आत कुणी झोपत नव्हतं. मी एकदा म्हटलं, तुम्ही झोपा की, तुमच्या खोलीपेक्षा थंड आहे. ते म्हणाले, “गादीला आपला आकार येतो मग.”

मी तोवर निवृत्त झालो होतो. पावसाळ्यात उघड्यावर बसता यायचं नाही, म्हणून कित्येक संध्याकाळी मी माझ्या दारात आणि ते त्यांच्या, गल्लीच्या दोन बाजूंना. मोठ्याने बोलायला मला संकोच व्हायचा. मधल्या पावसाच्या आवाजात आमचं बरंच बोलणं राहून गेलं. ओसरी असती तर त्यांनी मला भीतीचं, पोहण्याचं, वडिलांचं सांगितलं असतं का? कोण जाणे. बावीस वर्षांतली वीस वर्षं ओसरी होतीच की. तेव्हा मी तरी कुठे विचारलं.

डिसेंबरात शाळेला सुट्टी लागणार होती आणि या वेळी नफ्सिया आठ दिवस राहायला येणार होती. त्याच्या आठवडाभर आधी पहाटेची नमाज झाल्यावर अबांग तिथेच बसून राहिले. एम्पोकना वाटलं, जप चाललाय. त्याच दुपारी आम्ही त्यांना दफन केलं.

नफ्सिया तासभर उशिरा पोचली. सात दिवसांच्या प्रार्थना होईपर्यंत ती त्या खोलीत झोपली. सातव्या दिवशी मला म्हणाली, “काका, राफ्काची प्राथमिक शाळा झाली की आम्ही येऊ. आईला एकटं कसं ठेवायचं?” तिचं ते खरं होतं. अजूनही ती तसंच म्हणते, आता माध्यमिक शाळा म्हणते. मी तिला दोष देत नाही. पोराची शाळा मधेच तोडता येत नाही, आणि देदेनचं काम तिकडेच आहे. आता त्या खोलीत एम्पोक झोपतात. छप्पर गळत नाही म्हणतात.

आमचं शेवटचं बोलणं मला आठवतं, कारण ते काहीच नव्हतं. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला मी पिशवी घेऊन बाहेर पडलो, तर ते गल्लीत उभे होते.

“दुकानात चाललायस?”

“हो.”

“डासांच्या कॉइलचा एक पुडा आण. हिरवा असतो तो. राफ्काला डासांची सवय नाही.”

“ते यायला अजून नऊ दिवस आहेत, अबांग.”

“असू दे. घरात असलेला बरा.”

“बरं,” मी म्हटलं. “आणतो.”